तयार मालाचे नाव

तयार माल बाजारात आला म्हणजे त्याला नाव चिकटवावे लागते. घरी केलेल्या वस्तूला त्याची गरज पडत नाही. घरचे गहू निवडून चक्कीवर दिले आणि दळण आणले, तर त्या डब्यावर कोणी चिठ्ठी लावीत नाही. गहू कोणत्या शेतातला, दळण जाड सांगितले होते की बारीक, हे घरच्या माणसांना ठाऊकच असते. तेच पीठ पिशवीत बंद होऊन दुकानात येते तेव्हा मात्र पिशवीला बोलावे लागते, कारण दळणारा समोर उभा नसतो.

आमचे आयुष्य सातारा-सांगली भागातल्या साखर कामगारांत गेले. साखरेचे पोते शिवून गोदामात जाते त्याच्यावर कारखान्याचे नाव, हंगाम, वजन आणि प्रत असा शिक्का असतो. प्रतीची खूण 'एस-३०', 'एम-३०' अशी. अक्षर दाण्याचा आकार सांगते आणि आकडा रंग सांगतो. एवढे वाचून दूरच्या पेठेतला व्यापारी पोते न उघडता भाव करतो. पण ऊस कोणी तोडला, पॅनवर रात्रपाळीला कोण उभा होता, हे त्या शिक्क्यात नसते. शिक्क्यात काय लिहावयाचे आणि काय वगळावयाचे हे कोणीतरी ठरविलेले असते, आणि त्या ठरविण्यात कोणाचे ना कोणाचे हित गुंतलेले असते. सांगलीच्या पेठेत 'सेलम' हळद येते. ती तामिळनाडूतल्या सेलमहून आलेली असतेच असे नाही. आपल्या कृष्णाकाठच्या मळ्यात पिकलेल्या हळदीलाही बियाण्याच्या जातीमुळे तेच नाव पडते. २०१८ साली 'सांगलीची हळद' या नावाला भौगोलिक चिन्हांकन मिळाले, तेव्हा मातीचे नाव मालाला लागले. बियाण्याचे नाव सांगावे, मातीचे सांगावे, की हाताचे सांगावे, हा वाद हळदीपुरता नाही.

आज आम्ही ज्या वहिवाटीचा इतिहास सांगणार आहोत ती संगणकाच्या जगातली आहे. साखर कामगारांच्या कार्यकर्त्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. सांगलीला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, तेथे लिनक्सची गोडी लागलेल्या विद्यार्थ्यांचा एक गटही आहे. आणि आमच्या कामगारांची मुले इंजिनिअरिंगला जाऊ लागली तेव्हापासून ही भाषा आमच्या कचेरीतही ऐकू येऊ लागली. त्यांच्यापाशी बसून, प्रश्न विचारून, पुढे स्वतः वाचून आम्ही जे शिकलो ते येथे मांडतो. विषय वरवर रुक्ष आहे. पण नावाचा विषय हा मुळात जबाबदारीचा विषय असतो, आणि जबाबदारी कोणाची हे विचारण्यातच आमची तीस वर्षे गेली.

संगणकाला काम सांगणारा कार्यक्रम माणूस प्रथम वाचता येईल अशा भाषेत लिहितो. त्या मूळ लिखाणाला 'सोर्स' म्हणतात. यंत्राला ते जसेच्या तसे उमगत नाही. 'कंपायलर' नावाचा दुसरा कार्यक्रम ते दळून यंत्राच्या भाषेत उतरवितो, आणि त्या दळलेल्या रूपाला 'बायनरी' म्हणतात. सोर्स वाचता येतो, बदलता येतो. बायनरी नुसती चालविता येते. मोठ्या कंपन्या बहुधा बायनरीच विकत, सोर्स कुलुपात ठेवीत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि सोर्स सर्वांना मोकळा असला पाहिजे अशी भूमिका घेतली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा लिहिला. या दोहोंच्या संगमातून एक संपूर्ण आणि मोकळी व्यवस्था उभी राहिली. ती गोळा करून, नीट बांधून लोकांपर्यंत पोचविणाऱ्या मंडळींच्या कामाला 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणजे वितरण असे नाव पडले.

बहुतेक वितरणे तयार माल देणारी होती. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही निघाली. रेड हॅट मंडळींची आरपीएम ही बांधणीची पद्धत १९९५ सालची. यांची 'पॅकेजे' म्हणजे दळून, बांधून ठेवलेली गाठोडी. गाठोडी हजारोंनी वाढली तसा नावाचा प्रश्न उभा राहिला. डेबियनने रीत घातली : आधी वस्तूचे नाव, मग आवृत्ती, मग बांधणीचा क्रमांक, शेवटी यंत्राची जात. नाव आणि आवृत्ती यांच्यामध्ये खालची रेघ, म्हणजे अधोरेषा. आणि वस्तूच्या नावात अधोरेषा येताच कामा नये असा दंडक. त्यामुळे नाव कोठे संपले आणि आकडा कोठे सुरू झाला याविषयी भांडण उरत नाही. आरपीएमवाल्यांनी सर्वत्र मधली आडवी रेघच वापरली, पण आवृत्तीत आणि बांधणीच्या क्रमांकात ती वर्ज्य केली, म्हणून ते नाव उजवीकडून डावीकडे सोडवीत यावे लागते. स्लॅकवेअरने लांब नावांची रीत २००२ साली धरली.

ज्यांनी कारखान्याचे मस्टर पाहिले आहे त्यांना या खटाटोपाचे नवल वाटणार नाही. वाळवे-तासगावकडच्या कोणत्याही मस्टरात पाटील आडनावाचे पानेच्या पाने कामगार निघतात. बापाचे नाव घातले तरी जोड्या सापडतातच. मग कारकून गावाचे नाव घालतो, गावही एक निघाले तर थोरला-धाकटा लिहितो, आणि शेवटी बिल्ल्याचा नंबर देऊन मोकळा होतो. बिल्ल्याला घोटाळा ठाऊक नसतो, तसा माणूसही ठाऊक नसतो.

या तयार मालाच्या पेठेच्या उलट दिशेला दुसरा एक पंथ निघाला. डॅनियल रॉबिन्स यांनी १९९९ च्या सुमारास 'इनॉक' नावाचे वितरण सुरू केले. त्याचेच पुढे 'जेंटू' झाले आणि त्याची १.० आवृत्ती २००२ साली आली. जेंटू ही पेंग्विनची एक जात. पाण्यात सर्वांत वेगाने पोहणारी म्हणून तिचे नाव घेतले. फ्रीबीएसडी या जुन्या व्यवस्थेतल्या 'पोर्ट्स' या पद्धतीवरून रॉबिन्स यांनी कल्पना घेतली. जेंटू तयार पीठ देत नाही, कृती देते. या कृतीला 'ईबिल्ड' म्हणतात. ती वाचून तुमचे यंत्र मूळ सोर्स आणते आणि तुमच्याच घरी दळते. दळण कसे हवे ते तुम्ही सांगावयाचे. ध्वनी हवा की नको, छपाई हवी की नको, चित्रमय पडदा हवा की नको, अशा हो-नाहीच्या निशाण्यांना 'यूज फ्लॅग' असे नाव आहे. चक्कीवाल्याला 'भाकरीला द्यायचे, जरा जाड राहू दे' असे सांगावे तसेच हे.

कृतीचे नावही शिस्तीचे. वर्ग, मग वस्तू, मग मूळ लेखकाने दिलेली आवृत्ती. मूळ वस्तू तीच राहिली पण कृती सुधारली, तर शेवटी 'आर१', 'आर२' असे शेपूट. वस्तूचे नाव बदलले तर तो बदल तिमाहीवार ठेवलेल्या नोंदवहीत चढतो आणि प्रत्येक यंत्र ती वही वाचून आपल्या घरची पाटी बदलते. आपल्याकडे नावबदल राजपत्रात छापून येतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे वही वाचणे सक्तीचे आहे.

घरी दळण्याचे व्रत घेतलेल्या या पंथालाही तयार मालावाचून चालेना. याचा अनुभव आम्ही जवळून घेतला. वीस एक वर्षांपूर्वी आमच्या संघाच्या कचेरीत एक जुना संगणक होता. सभासदांच्या याद्या आणि पत्रव्यवहार त्याच्यावर करावा म्हणून दोघा विद्यार्थ्यांनी मोठ्या उत्साहाने जेंटू चढविली. बाकी सगळे बसले. ओपनऑफिस या लेखनाच्या भल्या थोरल्या कार्यक्रमाचे दळण मात्र रात्रभर चालून संपेना. त्यातून ते भारनियमनाचे दिवस. पहाटे वीज जाई आणि रात्रीचे दळण पाण्यात. तिसऱ्या खेपेला पोरांनी नाद सोडला आणि 'ओपनऑफिस-बिन' उतरवून घेतली. अर्ध्या तासात पत्र टाइप होऊ लागले.

या 'बिन'ने आमचे लक्ष वेधले. ते 'बायनरी'चे तोडलेले रूप आहे, हे पोरांनी सांगितले. परंतु मराठी कानाला 'बिन' म्हटले की बिनपगारी रजा आठवते. काहीतरी नसणे, काहीतरी कापले जाणे. जेंटूच्या लोकांना मराठी येण्याचे कारण नाही, पण शब्द चपखल बसला आहे. 'बिन' लावलेल्या वस्तूत तुमच्या निशाण्यांना बहुतांशी किंमत नसते. जाड-बारीक विचारणारा कोणी नाही. जे आले ते घ्या.

रीत अशी पडली, की ज्या वस्तूचा सोर्स मोकळा आहे आणि जी घरी दळता येते, तिचे तयार रूप ठेवावयाचे झाले तर नावापुढे 'बिन' लावावे. फायरफॉक्स आणि फायरफॉक्स-बिन, रस्ट आणि रस्ट-बिन, ओपनजेडीके आणि ओपनजेडीके-बिन, अशा जोड्या तयार झाल्या. ज्या वस्तूचा सोर्स मालकाने दिलेलाच नाही, जसे गूगल क्रोम, तिला 'बिन' लागत नाही. तेथे दुसरे रूपच नसल्यामुळे वेगळे ओळखण्याचा प्रश्न येत नाही. आर्च या दुसऱ्या वितरणाच्या वापरकर्त्यांनी चालविलेल्या कृतींच्या कोठारात तर हा लेखी नियम आहे : सोर्स उपलब्ध असून तयार माल वापरला, तर 'बिन' लावलेच पाहिजे, सूट फक्त जावा भाषेतल्या वस्तूंना.

या नियमात आम्हाला मोठा प्रामाणिकपणा दिसतो. तयार मालाला बंदी नाही. फक्त तयार माल घरच्या दळणाच्या नावाने खपविता येणार नाही, एवढीच अट. एका बाबतीत मात्र नियम तोकडा आहे. 'बिन' म्हणजे 'दुसऱ्याने केलेले', इतकेच कळते. कोणी केले, ते कळत नाही. फायरफॉक्स-बिन ही मोझिलाने स्वतः बांधलेली असते. 'जेंटू-कर्नल-बिन' म्हणजे तयार बांधलेला लिनक्सचा गाभा. तो जेंटूच्याच मंडळींनी बांधलेला असतो. दोघींच्या नावात तीन अक्षरांचे तेच शेपूट. ठेकेदाराने आणलेला मजूर आणि कारखान्याच्या दुसऱ्या खात्यातून आलेला कायम कामगार, दोघांनाही 'बाहेरचा' म्हणावे तसे हे झाले. अपघात झाला म्हणजे हा फरक किती मोठा असतो, ते आम्हाला विचारावे.

कोणी केले हे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात दिले होते. दळणाऱ्या यंत्रातच, म्हणजे कंपायलरमध्येच, खोट घालून ठेवली तर सोर्स कितीही स्वच्छ असला तरी पिठात खोट उतरते. आणि तो कंपायलर स्वतःचे पुढचे रूप दळतो तेव्हा ती खोट त्यातही आपोआप जाते. मूळ लिखाण ओळ न् ओळ वाचले तरी कोठे काही सापडत नाही. रस्ट भाषेच्या कंपायलरचे पाहा. तो रस्टमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे तो घरी दळण्यासाठी आधीचा तयार रस्ट घरात हवा. दह्याला विरजण लागते आणि पहिले विरजण शेजारणीकडूनच आणावे लागते. रस्ट-बिन हे ते विरजण.

मार्च २०२४ मध्ये या गोष्टीचा धडाच मिळाला. 'एक्सझेड' हे फायली दाबून लहान करण्याचे साधन जगातल्या असंख्य यंत्रांवर आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला उघड केले. दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढ्याशा खटक्यावरून त्यांनी शोध लावला. चोराची हुशारी अशी, की दरवाजा उघडणारा एक तुकडा सार्वजनिक सोर्सच्या कोठारात नव्हताच. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या सोर्सच्या गाठोड्यात होता. शिवाय आपण डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पद्धतीने बांधले जात आहोत की नाही हे तो आधी पाही आणि मगच कामाला लागे. घरी दळणाऱ्या जेंटूच्या यंत्रांवर तो झोपून राहिला असता. तरीही जेंटूवाल्यांनी छाती फुगवावी असे त्यात काही नाही. ज्याला आपण कच्चा माल समजत होतो तोही कोणीतरी बांधून दिलेले गाठोडे होता, आणि त्याच्या नावात तसे कोठेच लिहिलेले नव्हते.

आता दुसरा धागा घेऊ. 'बिन' हे बाहेरून आलेल्या मालाचे नाव. पण स्वतः दळलेले पीठही बांधून ठेवता येते. एका शाळेत वीस संगणक असले तर वीस वेळा दळण्यापेक्षा एकावर दळावे आणि एकोणीसांना वाटावे, हे शहाणपणाचे. जेंटूत ही सोय पूर्वीपासून होती. त्या गाठोड्याचे नाव कृतीच्या नावासारखेच, शेवटी फक्त 'टीबीझेड२' असे शेपूट. अडचण लवकरच दिसली. एकाने ध्वनीसह दळले, दुसऱ्याने ध्वनीवाचून. दोन्ही गाठोड्यांचे नाव तेच. कोठारात दुसरे आले की पहिले पुसले जाई. दोन पाटील मस्टरात एकाच ओळीवर चढले आणि एकाचा पगार बुडाला, असा हा प्रकार होता.

२०१५ च्या सुमारास यावर तोड निघाली. नावाच्या शेवटी बांधणीचा अनुक्रमांक घालावयाचा. समजा, 'नॅनो' या लेखन-साधनाची ७.२ आवृत्ती, कृतीची पहिली दुरुस्ती, आणि तिसऱ्यांदा बांधलेले गाठोडे. तर नाव होईल 'नॅनो-७.२-आर१-३'. हा शेवटचा ३ काय सांगतो? गाठोडे कोणते, हे सांगतो. ते कसले, हे सांगत नाही. कोणत्या निशाण्या लावून दळले ते कोठाराच्या दाराशी ठेवलेल्या 'पॅकेजेस' नावाच्या वहीत लिहिलेले असते. नाव बोटाने दाखविते आणि वही वर्णन करते. निशाण्या नावातच का गुंफल्या नाहीत, असे व्याख्यानाच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारले होते. एकेका मोठ्या वस्तूला डझनांनी निशाण्या असतात. त्या सर्व घातल्या तर नाव रामोशाच्या हाळीसारखे लांबेल आणि वाचणारा अर्ध्यातच थांबेल.

दुसऱ्या टोकाला 'निक्स' ही पद्धत गेली. ईल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठात तिच्यावर प्रबंध लिहिला. तेथे गाठोड्याच्या नावाआधी बत्तीस अक्षरांचा एक ठसा येतो. सोर्स, कंपायलर, निशाण्या, आणि ज्या दुसऱ्या वस्तूंवर ही वस्तू उभी आहे त्या, असे सारे हिशेबात धरून तो काढलेला असतो. यांतले एक जरी बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून दोन वेगळ्या दळणांना एकच नाव पडत नाही. सचोटीच्या दृष्टीने हे नाव जेंटूच्या नावापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ते यंत्राशी बोलते. बत्तीस अक्षरे वाचून कोणाला काही कळेल अशी आशा नाही. पुन्हा तोच बिल्ला. आमची पसंती जेंटूच्या अनुक्रमांकाला आहे, मात्र वही चोख ठेवली जाईल या अटीवर. वहीत खाडाखोड झाली तर त्या अनुक्रमांकाला कवडीचा अर्थ उरणार नाही.

चोखपणाची ही गरज जेंटूच्या लोकांनाही जाणवली असावी. जुन्या गाठोड्यावर सही करण्याची सोय नव्हती. २०१८ साली मिखाऊ गुर्नी यांनी नव्या बांधणीचा प्रस्ताव मांडला. 'जीपीकेजी' हे तिचे नाव, आणि २०२२ पर्यंत ती प्रत्यक्षात उतरली. हिच्यात माल वेगळा, मालाचे वर्णन वेगळे, आणि दोहोंवर बांधणाऱ्याची गुप्तलिपीतील सही घेता येते. बाहेरच्या फायलीचे नाव आतल्या कप्प्यालाही दिलेले असते. पोत्यावरचा शिक्का पावसाने पुसला तरी आतली चिठ्ठी राहावी, असा विचार. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. 'बिन' जे सांगू शकत नव्हते ते, म्हणजे बांधणारा कोण, हे येथे प्रथमच गाठोड्याबरोबर चालू लागले.

२९ डिसेंबर २०२३ रोजी जेंटूने जाहीर केले, की यापुढे तयार गाठोड्यांचे अधिकृत कोठार सर्वांना खुले राहील. लिबरऑफिसपासून केडीई, ग्नोमपर्यंत २० गिगाबाइटहून अधिक माल सुरुवातीलाच मांडलेला होता. काही जुन्या निष्ठावंतांना हा धर्मबदल वाटला असेल. आम्हाला तसे वाटत नाही. चक्की बंद झालेली नाही, तिच्या शेजारी पिठाचे दुकान उघडले इतकेच. नावाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डेबियनच्या गाठोड्यावर यंत्राची जात छापलेली असते, जेंटूच्या गाठोड्यावर नसते. ती ज्या कप्प्यात ठेवले त्या कप्प्याच्या नावात असते. जुन्या यंत्रांचा कप्पा वेगळा, नव्या जोमदार यंत्रांचा वेगळा. गाठोडे कप्प्यातून उचलून भलतीकडे ठेवले तर नुसत्या नावावरून ते कोठले ते ओळखता येत नाही, आत डोकवावे लागते.

आणखी एक. या कोठारातल्या लिबरऑफिसच्या नावाला 'बिन' लागत नाही. कृती तीच, निशाण्या ठरवून दिलेल्या, दळण जेंटूच्या यंत्रावर झालेले; म्हणून तिला घरच्या दळणाचेच नाव मिळते. 'जीपीकेजी' हे शेपूट वाटेत असेपर्यंत तिची ओळख सांगते. एकदा ती यंत्रावर चढली की शेपूट गळून पडते. मग बसविलेल्या वस्तूंची यादी काढली तर रात्रभर घरी दळलेली लिबरऑफिस आणि कोठारातून दहा मिनिटांत उतरवलेली लिबरऑफिस एकाच नावाने शेजारी बसतात.